गाडीला झेपेल तेवढंच

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर काय काय लिहिलेलं असतं, ते कधी निवांत वाचलंत का? बहुतेक जणी वाचत नाही. सिलिंडर आला की सील पाहायचं, फार तर उचलून पाहायचं, की झालं. पण त्याच्या कड्याजवळ एक आकडा रंगवलेला असतो: पंधरा किलो अमुक, सोळा किलो तमुक. ते रिकाम्या सिलिंडरचं वजन. त्यात 14.2 किलो गॅस मिळवला की भरलेल्या सिलिंडरचं वजन येतं, म्हणजे साधारण तीस किलो. वाण्याकडे तेल आणायला डबा नेला, तर आधी रिकामा डबा तोलून घेतो ना आपण? अगदी तसंच.

आज मी हे का सांगत बसले आहे? तर गेल्या मार्गशीर्षात आमच्या लेकीचं बिऱ्हाड डोंबिवलीहून नाशिकला हलवलं. त्या दोन दिवसांच्या प्रवासात हा सिलिंडरचाच हिशेब मला रस्त्यावर, घाटात आणि आगगाडीत पुन्हा पुन्हा भेटला. प्रवासवर्णन म्हणाल तर हे प्रवासवर्णन आहे. घरगुती सल्ला म्हणाल तर तोही आहे. पण आधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय मी वजनकाट्यावर जाऊन हट्टाला का पेटले, ते तुम्हाला कळायचं नाही.

चारशे रुपये वाचवले त्याची गोष्ट

1991 साली यांची बदली नाशिकला झाली. जूनचा दुसरा आठवडा, शाळा उघडायच्या म्हणून सगळी घाई. सामान पाहून टेम्पोवाला म्हणाला होता, "वहिनी, दोन खेपा कराव्या लागतील." आम्ही म्हटलं, छे! एवढंसं तर बिऱ्हाड! पुष्कळ घासाघीस केली आणि शेवटी एकाच टेम्पोत सगळं चढवलं. दोन कपाटं, सागवानी पलंग, यांची पुस्तकं, सासूबाईंचा पाटा-वरवंटा, गहू-तांदळाची पोती आणि वर दोरीने बांधलेल्या सायकली. चारशे रुपये वाचले, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

कसाऱ्याचा घाट सुरू झाला आणि पाऊस लागला. निम्म्या चढावर टेम्पो धापा टाकायला लागला, रेडिएटरमधून वाफ निघाली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. तो काही धरेना. गाडी हळूच मागे सरकायला लागली. तेवढ्यात क्लीनरचं पोर उडी टाकून खाली उतरलं आणि मागच्या चाकाखाली दगड सारायला धावलं. दगड ओला होता, सटकला.

गाडी थांबली. पण त्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

सोळा-सतरा वर्षांचा असेल. रडला सुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत बसला. माझ्या पदराची पट्टी फाडून बांधली. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला इगतपुरीला नेलं. आम्ही जवळ होते तेवढे पैसे दिले. पुढे एकदा चौकशी केली तेव्हा कळलं, की तो गावी परत गेला. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी टेम्पोत किती वजन होतं, कोण जाणे. कुणी मोजलंच नव्हतं. मोजायचं असतं, हेच मुळात आम्हाला ठाऊक नव्हतं.

दोष द्यायचा तर कोणाला देणार? टेम्पोवाल्याने दोन खेपा सांगितल्या होत्या. नको म्हणणारी मी होते.

दारावरचे आकडे

तर लेकीचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा मी जावयांना आधीच सांगून टाकलं, "गाडी तुम्ही ठरवा, पण भरताना मी उभी राहणार." ते हसले. पण बिचारे काही बोलले नाहीत.

पिकअप आली. तरुण ड्रायव्हर, सोबत हेल्पर. मी पहिल्यांदा गाडीच्या बाजूला जाऊन दाराजवळचे रंगवलेले आकडे वाचले. तुम्हीही आता रस्त्यात टेम्पो दिसला की वाचून पाहा. मालवाहू गाडीवर हे लिहिलेलं असतं आणि आर.सी. बुकातही असतं. अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. आणि आर.एल.डब्ल्यू., म्हणजे माणसं, माल, दोरखंड सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन भरायला परवानगी आहे, तो आकडा. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरेल ते आपल्या हातात.

आमच्या पिकअपवर रिकामं वजन होतं 1,695 किलो आणि एकूण मर्यादा 2,995. म्हणजे 1,300 किलो नेता येतं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दीड टन आरामात जातं. दोन टन पण नेलंय." मी विचारलं, "घाटात?" तो म्हणाला, "घाटात पण. जरा गरम होते गाडी, बाकी काय!"

जरा गरम होते! माझ्या डोळ्यांपुढे तो ओला दगड आला.

मी आदल्या रात्री वहीत सामानाची यादी करून पुढे अंदाजे वजनं लिहिली होती. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देते. मोठं लोखंडी कपाट, रिकामं, ऐंशी ते शंभर किलो. पुढून कपडे टाकायचं धुण्याचं यंत्र साठ-सत्तर किलो, कारण ते थरथरू नये म्हणून त्यात मुद्दाम जड ठोकळे बसवलेले असतात. वरून कपडे टाकायचं यंत्र त्याच्या निम्म्यावर. पायाचं शिलाई मशीन तीस-पस्तीस किलो. पाटा-वरवंटा पंचवीस-तीस. आणि पुस्तकं! पुस्तकांचा खोका दिसायला एवढासा, पण अठरा-वीस किलोंच्या खाली नाही. पुस्तकं मोठ्या खोक्यात कधी भरू नका. खोका तळातून फाटतो आणि हमालाची कंबर धरते.

माझी बेरीज आली 1,150 किलो. म्हटलं, वा! 1,300 च्या आत छान बसतंय. पण नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही, हे ठरवलेलंच होतं.

पत्री पुलावरून वजनकाट्याकडे

कल्याण-भिवंडी पट्ट्यात गोदामांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे वजनकाट्यांना तोटा नाही. गाडी सबंधच्या सबंध लोखंडी फळीवर उभी करायची. आत बसलेला माणूस काचेआडून आकडा पाहतो आणि छापील पावती देतो. खर्च म्हणाल तर भाजीच्या पिशवीएवढासुद्धा नाही. आम्ही सकाळी रिकामी गाडी आधी तिकडे नेली आणि भरल्यावर पुन्हा नेली. डोंबिवलीहून कल्याणला जाताना पत्री पूल लागतो. कल्याण-डोंबिवलीच्या बायकांना त्या पुलाचं नाव काढलं की अजून घाम फुटतो, इतके तास आपण तिथे तिष्ठलो आहोत. जुना पूल 1914 सालचा. शंभर वर्षं त्याने ओझं वाहिलं. तो धोक्याचा ठरला, म्हणून आधी बंद केला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला. नवा खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडलं. त्या वेळी आपण सगळ्यांनी बोटं मोडली. पण आता वाटतं, की ज्याला झेपत नाही त्याच्यावरून गाड्या नेत राहण्यापेक्षा दोन वर्षं वळसा घातला, हे बरंच झालं.

पुढे दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीवरचा पूल, उजव्या हाताला देवीचं देऊळ, खाली भरतीचं संथ पाणी. तो ओलांडला की रस्ता भिवंडीकडे.

रिकामी गाडी काट्यावर चढली. ड्रायव्हर, हेल्पर, ताडपत्री आणि टाकीतलं डिझेल धरून आकडा आला 1,830. म्हणजे आमच्या 1,300 मधले 135 किलो इथेच उडाले! राहिले 1,165. माझी बेरीज 1,150. पंधरा किलो हातचे राखून. मी मनात म्हटलं, जमलं.

दुपारी भरून परत आलो. काट्यावरचा आकडा स्थिर झाला: 3,210.

मी पावती दोनदा वाचली. सामान 1,380 किलो भरलं होतं. माझा अंदाज तब्बल 230 किलोंनी चुकला होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा! कुठे चुकला, ते घरी येऊन शोधलं. कपाट रिकामं धरलं होतं, पण लेकीने आत साड्या तशाच ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराची भांडी मी "खोका एक" म्हणून दहा किलो धरली होती, त्यात पितळी पातेली आणि लोखंडी तवे. आणि कुंड्या तर यादीत धरल्याच नव्हत्या. ओल्या मातीची कुंडी म्हणजे धोंडाच की!

मर्यादेपेक्षा 215 किलो जास्त. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सव्वादोनशे किलोंनी काय होतंय! सगळे नेतात." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या हेल्परला दोन्ही हातांची दहा बोटं आहेत ना? मला ती दहाच्या दहा परत हवीत." तो गप्प झाला. मग मी त्याला 1991 ची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्याने स्वतःच मागचं फाळकं उघडलं.

पुस्तकांचे बारा खोके आणि गव्हाची दोन पोती उतरवली. पुन्हा काटा केला: 2,930. आता कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गहू आमच्याच घरी ठेवून घेतला. पुस्तकांसाठी एक युक्ती सापडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाशिककडून भाजी घेऊन कल्याणच्या बाजार समितीत जे टेम्पो येतात, ते परत जाताना पुष्कळदा रिकामेच जातात. त्यांच्यापैकी एकाने ते बारा खोके थोडक्या पैशांत आठवड्याभरात पोचवले. म्हणजे दुसरी खेप अशी स्वस्तात झाली. 1991 मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर!

कायद्याचंही सांगून ठेवते. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 आणि जादा माल उतरवून ठेवण्याचा खर्च वेगळा. पण दंडाची भीती ही काही खरी भीती नव्हे.

भाचीचं फिरतं घर

त्याच रात्री अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. तिला ही सगळी हकीगत सांगितली, तर ती खो खो हसत सुटली. "मावशी, अगं आमच्याकडे सध्या हेच चाललंय!"

तिकडे लोक मोटारीमागे चाकांवरचं घर जोडून सहलीला जातात. आत बिछाने, शेगडी, मोरी, सगळं काही. आपल्याकडेही 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्या आपल्या लेकीसुनाही असल्या सहलींना निघतील. भाचीने आणि जावयांनी असंच एक घर पसंत केलं होतं. त्यांची पिकअप 4,000 किलो ओढते, असं जाहिरातीत म्हटलेलं. घराचं वजन माहितीपत्रकात 2,600 किलो. मग अडचण कसली?

अडचण दोन ठिकाणी निघाली. पहिली अशी, की माहितीपत्रकातलं वजन कोरड्या घराचं. त्यात पाण्याची टाकी भरली, गॅस, भांडी, अंथरुणं, खाऊचे डबे घातले, की झालं 3,200. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण हंडा उचलणाऱ्या बायकांना कुणी शिकवायला नको. तरी म्हणाल, 4,000 च्या आतच आहे की. खरं आहे. पण दुसरी गोष्ट अशी, की मागचं घर नुसतं ओढलं जात नाही. त्याचं जोडाचं नाक मोटारीच्या मागच्या टोकावर टेकलेलं असतं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार त्या नाकातून मोटारीच्या पाठीवर येतो. 3,200 चे बारा टक्के म्हणजे 384 किलो. आणि त्यांच्या मोटारीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेलं होतं: माणसं आणि सामान मिळून 680 किलोंच्या वर नको. चार माणसं, मागचं सामान, कुत्रा, सगळे मिळून 320. त्यात 384 मिळवा. झाले 704. चोवीस किलो जास्त!

म्हणजे ओढायची ताकद भरपूर, पण पाठ मात्र भरलेली. "मग काय केलंत?" मी विचारलं. "पाणी घरून भरून न्यायचं नाही, मुक्कामाला पोचल्यावर भरायचं," ती म्हणाली. "आणि जड सामान चाकांच्या पुढच्या भागात ठेवायचं. मागे जड झालं, की नाकावरचा भार कमी होतो आणि घर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतं. मोटारीलाही घेऊन आडवं होतं."

बघा, समुद्रापलीकडची मुलगी आणि इथे मी, दोघी एकाच दिवशी एकच बेरीज करत होतो. आमच्या पिकअपमध्येही कपाटं आणि पुस्तकं केबिनला टेकवून खाली ठेवली होती. गाद्या-उशा वर आणि मागे. एका बाजूला फ्रीज, तर दुसऱ्या बाजूला धुण्याचं यंत्र.

कसाऱ्याला मागून येणारी इंजिनं

पिकअप पहाटे निघाली. मी, लेक आणि नातू सकाळच्या गाडीने. जावई आदल्याच दिवशी पुढे गेले होते. कल्याणला गाडीत बसलो.

कल्याणला आपले लोहमार्ग फुटतात. एक कर्जतकडून बोरघाट चढून पुण्याला, दुसरा कसाऱ्याहून थळ घाट चढून नाशिककडे. नातवाला सांगितलं, की 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा चौदा डब्यांना तीन इंजिनं जोडली होती. साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, गाडी कल्याणपर्यंत आली. त्याने लगेच विचारलं, "सपाट जमिनीवर तीन, मग डोंगरावर किती?" पोराचा प्रश्न अगदी बिनतोड होता!

शहाड, टिटवाळा, खडवली, वासिंद. आसनगाव आलं, की डावीकडे माहुलीचे सुळके दिसायला लागतात. गर्दी ओसरते. खिडकीतून भाताची कापलेली खाचरं, वाळत घातलेला पेंढा, कुठे आंब्याला आलेला पहिला मोहर. लोकलने रोज ठाण्यापर्यंत धक्के खाणाऱ्या बाईला हा मुलूख आपल्याच जिल्ह्यातला वाटत नाही. कसाऱ्याला आपली लोकल संपते. पुढे डोंगरच.

कसाऱ्याला गाडी थांबली, की बहुतेक लोक चहा नाहीतर वडापाव घेतात. तुम्ही कधी गेलात, तर शेवटच्या डब्याकडे बघा. मागून दोन-तीन इंजिनं हळूहळू येतात, आणि गाडीला हलकासा धक्का बसतो. यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, ही मागून ढकलतात. कसारा ते इगतपुरी अवघे पंधरा किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी जवळजवळ तीनशे मीटर वर चढते. चढ 37 ला 1 चा. म्हणजे सदतीस पावलं पुढे गेलं, की एक पाऊल वर.

ऐकायला सोपं वाटतं. पण वजनाचं गणित मांडून पाहा. एक टन माल सपाटीवरून नेताना जी ओढ लागते, तिच्यावर या चढात आणखी सत्तावीस किलोंची ओढ लागते. बावीस डब्यांची भरलेली गाडी हजार टनांच्या पुढे जाते. म्हणजे नुसत्या चढासाठी सत्तावीस टनांहून जास्त ओढ! इंजिनात जोर असला तरी लोखंडी चाकं लोखंडी रुळावर घसरतात. पावसात तर हमखास. म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडायची सोय असते, आणि म्हणून मागचे बँकर. 1865 साली हा घाट गाडीला खुला झाला. तेव्हापासून इंजिनं बदलली. वाफेची गेली, 1930 च्या सुमारास विजेची आली. त्यांतली काही लांब नाकाडांची, त्यांना लोक 'खेकडा' म्हणत. पण चढ काही बदलला नाही.

आता काही गाड्यांना बँकर लागत नाही. 2019 मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे निघालेल्या राजधानीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं जोडायला लागले. 10 फेब्रुवारी 2023 पासून शिर्डीला जाणाऱ्या वंदे भारतच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत, म्हणून तीही एकटी चढते. एकाच्याच खांद्यावर सगळा भार न देता तो वाटून दिला, एवढंच.

उतरण चढापेक्षा अवघड, हे रेल्वेवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दोन्ही घाटांत उतारावर बाजूला चढणीचा एक आंधळा रूळ ठेवलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. एखादी गाडी आवरेनाशी झाली, तर ती त्या चढावर जाऊन थांबावी, म्हणून.

आणि हे घाट बांधले कुणी? नावं इंग्रज साहेबांची लागली. पण बोरघाटाची एक हकीगत आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवी. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार काम घेऊन आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस सामान बांधून विलायतेला परत गेली नाही. तिने अनुभवी इंजिनियर नेमले, कंत्राट चालवलं, आणि 1863 मध्ये घाट खुला झाला. पण त्याच कामावर पटकी-तापाने हजारो मजूर, बाया-माणसं, गेली. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आमच्या क्लीनरच्या पोराचं नाव मी विचारलं नाही, तसंच.

इगतपुरीला

गाडी बोगद्यांतून वर चढत होती. मधूनच खिडकीतून घाटाचा रस्ता आणि त्यावरची ट्रकांची रांग दिसली. मी उगाचच आमची पिकअप शोधत होते. ती तर केव्हाच वर गेली असणार. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. ड्रायव्हरचा होता. "ताई, घोटीला चहा घेतोय. मावशींना सांगा, गाडी जरासुद्धा गरम नाही झाली."

लेकीने फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "हेल्पर कुठे आहे रे?" तो म्हणाला, "इथेच आहे की, वडे खातोय." मी म्हटलं, "त्याचं नाव काय?" तो जरा गोंधळलाच. पण त्याने नाव सांगितलं. ते मी पर्समधल्या पावतीच्या मागे लिहून ठेवलं. 2,930 किलोंच्या पावतीच्या मागे.

इगतपुरीला बँकर सुटले. नातू दारात उभा राहून त्यांना हात करत होता. आता गाडी हलकी धावणार होती.

जूनमध्ये 2025 साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात कसाऱ्याजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यामुळे घाट चुकवून जाता येतं. पण रस्ता सोपा झाला म्हणून गाडीची पाठ काही मजबूत होत नाही, हो!

जाता जाता, बिऱ्हाड हलवणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते. दारावरचे दोन्ही आकडे वाचा आणि आर.सी. बुकाशी ताडून पाहा. रिकामी गाडी काट्यावर न्या आणि भरल्यावर पुन्हा न्या. ड्रायव्हर-हेल्परला त्यात बसवूनच. अंदाजाच्या यादीत वीस टक्के वाढवून धरा, कुंड्या विसरू नका. जड सामान पुढे आणि खाली. चाकाखाली लावायला दोन चांगले लाकडी ठोकळे बरोबर द्या, रस्त्यातल्या दगडाच्या भरवशावर राहू नका. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं ड्रायव्हरला सांगायला लाजू नका. नुसत्या ब्रेकवर उतरलं, की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. गॅसचा सिलिंडर टेम्पोत घालू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, आणि नव्या गावी त्यावर नवं कनेक्शन घ्या.

आणि टेम्पोवाला दोन खेपा म्हणाला, तर दोन खेपाच करा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं गाडी पाहून संसार भरावा.

सासूबाईंचा पाटा-वरवंटा या वेळीही नाशिकला गेला. लेक म्हणत होती, मिक्सर आहे, कशाला हे ओझं? मी म्हटलं, तीस किलो आहे, मी धरलंय हिशेबात.